रेडवुड बघायला दोघांनी समुद्रकाठाने जायचंय? मग मुक्काम उत्तरेला ठेवा

तुमचा प्रश्न असा की सप्टेंबरमध्ये सॅन होजेला भावाकडे येताय, त्यातले पाच दिवस तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघंच भाड्याची गाडी घेऊन समुद्रकाठच्या रस्त्याने रेडवुडची झाडं बघायला जाणार आहात. मिस्टरांना हायवे वन (समुद्रकाठचा १ नंबरचा हायवे) अख्खा करायचाय, तुम्हाला वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते, हायपेरियन नावाचं जगातलं सगळ्यात उंच झाड बघायची दोघांचीही इच्छा आहे, आणि घरचे म्हणतायत मुइर वुड्सचं रेडवुडचं जंगल इतकं जवळ असताना एवढं लांब कशाला. मी उत्तर कॅलिफोर्नियात बरीच वर्षं राहते आणि इथल्या एका स्टेट पार्कमध्ये व्हॉलंटिअर म्हणून लोकांना या जंगलातून फिरवते, तर जरा सविस्तरच लिहिते.

आधी सरळ उत्तर. उत्तरेलाच जा. जाताना १०१ नंबरच्या हायवेने थेट वर जा, पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त झाडांना द्या, आणि हायवे वन येताना करा, तोही अंगाला झेपेल तेवढाच. बहुतेक जण उलटं करतात, पहिले दोन दिवस समुद्रकाठच्या वळणांवर घालवतात, मग दमलेल्या अंगाने झाडांपाशी पोचतात, अर्धा तास फोटो काढतात आणि परत फिरतात. ज्यासाठी आलो त्यालाच सगळ्यात कमी वेळ.

मुइर वुड्सचं बोलायचं तर ते छानच आहे, १९०८ साली ते राष्ट्रीय स्मारक झालं, आणि सॅन फ्रान्सिस्कोत एकच सकाळ मोकळी असेल त्या माणसाला मी तिथेच पाठवते (२०१८ पासून तिथल्या पार्किंगचं बुकिंग आधी करावं लागतं, ऐनवेळी जाऊन जागा मिळत नाही). पण तिथलं सगळ्यात उंच झाड ७८-७९ मीटरचं आहे आणि जुनं जंगल एका दरीपुरतं आहे. वर हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये रॉकफेलर फॉरेस्ट म्हणून जो पट्टा आहे तो जवळपास दहा हजार एकरांचा, कधीच न तोडलेला, आणि शंभर मीटरच्या आसपासची झाडं तिथे जागोजागी भेटतात. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे, तो तिथे नेऊन उभा केला तर झाडांत दिसणार नाही. पाच दिवस हातात असताना मुइर वुड्सवर समाधान मानू नका.

एक गोंधळ आधीच मिटवते, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दोन्ही झाडं मिसळली आहेत. समुद्रकाठचं ते कोस्ट रेडवुड, उंच आणि तुलनेने सडपातळ. तो अवाढव्य बुंध्याचा, नारिंगी सालीचा जनरल शर्मन म्हणजे जायंट सिक्वॉया, तो सिएरा नेवाडाच्या डोंगरात, समुद्रापासून खूप आत, सिक्वॉया नॅशनल पार्कमध्ये आहे. आकारमानाने तो सगळ्यात मोठा, उंचीने रेडवुड पहिला. नाती आहेत पण झाडं वेगळी, जागा वेगळ्या, आणि पाच दिवसांत दोन्ही करायला जाऊ नका.

आता हायपेरियन. २००६ साली क्रिस ॲटकिन्स आणि मायकेल टेलर या दोघांना ते सापडलं, उंची जवळजवळ ११६ मीटर. जागा पार्कने कधीच जाहीर केली नव्हती, पण इंटरनेटवर ती फुटली आणि लोक झाडीतून वाटा पाडत तिथे जायला लागले. तिथे आखलेली पायवाट नाहीच. बुंध्याभोवतीचे फर्न तुडवले गेले, माती दबून घट्ट झाली, कचरा आणि त्याहून वाईट घाण साठली. शेवटी २०२२ मध्ये पार्कने तो भाग बंद केला, आत सापडलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, या झाडाला सोटमूळ नसतं, मुळं जेमतेम तीन-चार मीटर खोल जातात आणि आडवी मात्र तीस-तीस मीटर पसरतात, म्हणजे आपण बुंध्यापासून लांब उभे असलो तरी त्याच्या मुळांवरच उभे असतो. आणि खालून त्याचा शेंडा दिसत नाही. ११६ मीटरचं आणि १०५ मीटरचं झाड खाली उभं राहून ओळखता येईल असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा हायपेरियनचा विचार मनापासून सोडून द्या, काही कमी होणार नाही.

रस्त्याबद्दल. मिस्टरांना एक नकाशा दाखवा: हायवे वन रेडवुड नॅशनल पार्कपर्यंत जातच नाही. तो फोर्ट ब्रॅगच्या वर थोडा जाऊन डोंगरात वळतो आणि लेगेट नावाच्या छोट्या गावात १०१ ला मिळून संपतो. त्याच्या वरचा किनारा इतका उभा आणि खचणारा आहे की तिथून हायवे काढलाच नाही, त्या पट्ट्याला लॉस्ट कोस्ट म्हणतात. त्यानंतर तुमचा रस्ता १०१ च, आणि युरेकाच्या वर, ट्रिनिडाडपासून क्रेसेंट सिटीपर्यंत तो बऱ्याच ठिकाणी समुद्राला लागून जातो. म्हणजे समुद्र तुम्हाला दोन्हीकडे मिळतो, फक्त वरचा समुद्र बऱ्यापैकी सरळ रस्त्यावर मिळतो.

येताना हायवे वन घ्या म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. दक्षिणेकडे येताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला, थांबायच्या जागाही उजव्या हाताला, समोरून येणारी गाडी ओलांडून डावीकडे वळायची भानगड नाही. कड्याची भीती वाटत असेल तर मात्र उत्तरेकडे जाताना डोंगराकडची लेन मिळते हेही खरं, पण तुमचा त्रास उंचीचा नाही, वळणांचा आहे.

आणि गाडी लागण्यावर माझा ठाम सल्ला: वळणांच्या पट्ट्यात स्टिअरिंग तुम्ही घ्या. जो चालवतो त्याला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण डोळ्यांना आधी दिसतं आणि अंग तयार होतं. भाड्याच्या करारात दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून टाकून घ्या, भारतातलं इंग्रजीतलं लायसन्स इथे पर्यटकाला चालतं, सोबत इंटरनॅशनल परमिट काढून आणा म्हणजे काउंटरवर वाद नको. मागे गाड्यांची रांग लागली तर घाबरून वेग वाढवू नका. दोन लेनच्या रस्त्यावर आपल्यामागे पाच किंवा जास्त गाड्या साठल्या की टर्नआउटमध्ये (रस्त्याकडेला गाडी बाजूला घ्यायच्या जागेत) बाजूला होऊन त्यांना पुढे सोडायचं असा इथला कायदाच आहे. बाजूला व्हा, दोन मिनिटं श्वास घ्या, मग निघा. गोळी घेणार असाल तर वळणं सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, ती झोप आणते आणि मग स्टिअरिंग तुमच्याकडे नको, हे दोन्ही उपाय एका वेळी करायचे नाहीत.

पहिला दिवस. सॅन होजेहून सकाळी सहा-साडेसहाला निघा, नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास जातील. सांता रोझा, युकाया, विलिट्स करत १०१ वर जात राहा, पाच-साडेपाच तासांत हम्बोल्टच्या झाडांपाशी पोचाल. वाटेत आतल्या भागात सप्टेंबरमध्येही चांगलं पस्तीस अंश ऊन असतं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर सतरा-अठरा, तर जाकिटं डिकीच्या तळाशी घालू नका, हाताशी ठेवा. लेगेटच्या वर रिचर्डसन ग्रोव्ह लागतं (ग्रोव्ह म्हणजे झाडांची राई), तिथे हायवे अचानक अरुंद होतो आणि झाडं डांबराला खेटून उभी असतात. पहिल्यांदा बघणारा ड्रायव्हर हमखास वर बघतो, म्हणून आधीच सांगून ठेवते, त्या अर्ध्या मैलात वर बघायचं काम बाजूला बसलेल्याने करायचं.

पुढे फिलिप्सव्हिलपाशी १०१ सोडून ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स घ्या. हा जुना १०१ च आहे, ३१ मैलांचा, ईल नदीच्या काठाने झाडांमधून जाणारा. उन्हातून एकदम काळोखात आणि परत उन्हात असं सतत होतं, त्यामुळे गॉगल काढून ठेवा आणि हेडलाइट दिवसाही लावा. वीऑट नावाच्या वस्तीत रस्त्याकडेला एक उंच खांब आहे, त्यावर १९६४ च्या डिसेंबरमधल्या पुराची पातळी दाखवली आहे. गाडीतून मान वर करून ती खूण शोधा, मग नदीकडे बघा, नदी केवढी खाली आहे ते. हे पूर म्हणजे या झाडांच्या आयुष्याचा भाग. दर मोठ्या पुरात गाळाचा नवा थर बसतो, बाकीची झाडं गुदमरून मरतात, रेडवुड मात्र नव्या थरात वरच्या वर नवीन मुळं फोडतं. नदीकाठच्या सपाट जागांवर सगळ्यात उंच रेडवुड का सापडतात याचं एक मोठं कारण हे.

पहिल्या संध्याकाळी एकच जागा करा, फाउंडर्स ग्रोव्ह. अर्ध्या मैलाचा सपाट फेरा. तिथे उभं झाड बघायच्या आधी पडलेलं बघा असं मी सगळ्यांना सांगते, कारण उभ्या झाडाची उंची डोळ्याला कळतच नाही, मान दुखते आणि आकडा नुसता आकडाच राहतो. डायरव्हिल जायंट नावाचं झाड १९९१ च्या मार्चमध्ये पडलं, लांबी ११० मीटरच्या आसपास, ते आजही पडलं तिथेच आहे. त्याच्या बुडख्यापाशी उभे राहा, उपटलेल्या मुळांची ती भिंत तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर जाते, पण नीट बघा, मधोमध खाली जाणारं जाड मूळ कुठेच नाही, सगळी आडवी तुटलेली मुळं. मग दोघांपैकी एकाने तिथेच थांबायचं आणि दुसऱ्याने खोडाच्या कडेकडेने शेंड्याकडे चालत जायचं. चालणारा माणूस लहान लहान होत जातो आणि खोड काही संपत नाही. खोडाच्या पाठीवर हेमलॉकची रोपं, हकलबेरीची झुडपं, शेवाळाच्या गाद्या, एक अख्खी बाग उगवलेली असते. पडलेला रेडवुड कुजायला शेकडो वर्षं घेतो आणि तेवढा काळ तो दुसऱ्यांना जागा देतो. खोडावर चढू नका, सालीवरचं ते शेवाळ एका बुटाने सोलवटून निघतं.

रात्र गार्बरव्हिल, मिरांडा किंवा फर्टुनाला काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरलेलं असतानाच रॉकफेलर फॉरेस्टमध्ये बुल क्रीकच्या काठाने दोन तास चाला. रस्ता अगदी अरुंद आहे, सावकाश जा. धुक्याबद्दल लोक कुरकुरतात, पण धुकं नसतं तर ही झाडं नसती. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. खोल समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं, त्यावरची दमट हवा गार होऊन धुकं बनतं, आतल्या तापलेल्या खोऱ्यांकडे ते ओढलं जातं, आणि झाडं ते पानांवर धरून खाली गाळतात, शिवाय पानांतून थोडं पितातही. काही ठिकाणी जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा असा धुक्यातून येतो. म्हणून ही झाडं ऑरेगनच्या दक्षिण टोकापासून बिग सरपर्यंत एका चिंचोळ्या पट्टीतच आहेत.

वाटेवर पडलेल्या डहाळ्या उचलून बघा (बघून परत तिथेच ठेवा). खालच्या फांद्यांची पानं चपटी, पिसासारखी दोन बाजूंना पसरलेली असतात. वाऱ्याने शेंड्यावरून पडलेली डहाळी मिळाली तर तिची पानं बारीक, टोचरी, दांड्याला चिकटलेली असतात. एकाच झाडाची. शंभर मीटर वर पाणी चढवायला इतकं अवघड असतं की वरचं पान दुष्काळातल्यासारखं वाढतं. उंचीची मर्यादा कुठे येते ते त्या दोन डहाळ्या शेजारी धरल्या की कळतं, कुठलंही पोस्टर वाचायची गरज नाही.

आणि पायाशी बघा. तीन पानांची हिरवी गालिच्यासारखी पसरलेली जी वनस्पती दिसते ती रेडवुड सॉरेल, म्हणजे आपल्या अंगणातल्या आंबुशीची सख्खी बहीण, त्याच कुळातली. ती सावलीला इतकी सरावलेली आहे की वरून उन्हाचा कवडसा पडला तर काही मिनिटांत तिन्ही पानं खाली मिटून घेते, सावली आली की परत उघडते. कवडशाच्या कडेला उकिडवे बसा आणि घड्याळ न बघता थांबा.

दुपारनंतर युरेका, आर्काटा करत ट्रिनिडाडला या. आर्काटा कॉलेजचं गाव आहे, शाकाहारी खाणं आणि चांगला किराणा तिथेच भरून घ्या, कारण पुढे ऑरिक-क्लॅमथ भागात फार काही मिळत नाही आणि जे मिळतं ते लवकर बंद होतं. ट्रिनिडाडच्या वर सू-मेग स्टेट पार्क आहे, २०२१ पर्यंत त्याचं नाव पॅट्रिक्स पॉइंट होतं, मग युरोक या इथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या नावाने ते ओळखलं जायला लागलं. तिथे युरोक पद्धतीची गावरचना पुन्हा उभारलेली आहे, रेडवुडच्या फळ्यांची घरं, गोल छोटंसं दार. या झाडांबरोबर हजारो वर्षं राहिलेली माणसं इथे आजही आहेत, ही गोष्ट बऱ्याच प्रवाशांच्या लक्षातच येत नाही, म्हणून मी ही जागा वगळू देत नाही.

पुढचे दोन मुक्काम क्रेसेंट सिटीला ठेवा, मोटेल तिथे जास्त आहेत. खोल्या आधीच बुक करा. क्लॅमथच्या वर लास्ट चान्स ग्रेड नावाचा पट्टा आहे, तिथला डोंगर सतत समुद्राकडे सरकतो आणि रस्त्याचं काम कायम चालू असतं, कधी एकच लेन उघडी असते, तर अर्धा तास जास्तीचा धरून चला. निघायच्या आधी रोज सकाळी कॅलट्रान्सचा (म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचा) क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा उघडून बघायची सवय लावा, आणि ऑफलाइन नकाशे वायफायवर असतानाच उतरवून घ्या, कारण झाडांत सिग्नल जातो तो जातोच.

तिसरा दिवस जेडेडाया स्मिथ पार्कचा, आणि पाच दिवसांतला माझ्या मते सगळ्यात मोठा दिवस. हाउलँड हिल रोड हा दहा मैलांच्या आसपासचा, बराचसा कच्चा रस्ता झाडांच्या मधून वाट काढत जातो, काही ठिकाणी दोन बुंध्यांमधून एकच गाडी जाते. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा, बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते. तसं असेल तरी स्टाउट ग्रोव्ह चुकत नाही. हायवे १९९ वरच्या कॅम्पग्राउंडपाशी गाडी लावा, उन्हाळ्यात स्मिथ नदीवर पायी जाण्यासाठी तात्पुरता पूल टाकतात, तो ओलांडला की ग्रोव्ह. सप्टेंबरमध्ये पूल असतो बहुधा, तरी ऑफिसात विचारून घ्या. ही स्मिथ नदी कॅलिफोर्नियातली धरण नसलेली शेवटची मोठी नदी, पाणी हिरवंनिळं आणि तळ दिसेल इतकं नितळ. स्टाउट ग्रोव्हला दुपारी चारनंतर जा. पुरांच्या गाळामुळे तिथे खाली झुडपं कमी आणि फर्न जास्त, त्यामुळे तिरपं ऊन थेट बुंध्यांपर्यंत आत येतं. त्याच पार्कमध्ये ग्रोव्ह ऑफ टायटन्स आहे, तिथेही हायपेरियनसारखंच तुडवणं झालं होतं, पण तिथे पार्कने जमिनीपासून वर उचललेला धातूच्या जाळीचा मार्ग बांधला आणि आता मुळांना धक्का न लावता तुम्ही अवाढव्य बुंध्यांच्या अगदी जवळून जाता. हायपेरियनची हौस तिथे फिटेल.

चौथ्या दिवशी सकाळी प्रेअरी क्रीक. १०१ सोडून न्यूटन ड्रुरी पार्कवे घ्या, दहा मैल, आणि त्या रस्त्यावर कुठेही थांबून अर्धा तास आत चाला, वाईट जागा एकही नाही. हा रस्ता २०१४ मध्ये रात्री बंद ठेवायची वेळ आली होती, कारण चोर रात्री येऊन झाडांच्या बुंध्यावरच्या गाठी करवतीने कापून नेत होते, त्यांच्या सुबक नक्षीच्या लाकडाला टेबलांसाठी आणि शोभेच्या वस्तूंसाठी भाव येतो. त्या गाठींत नव्या कोंबांचे डोळे असतात, झाड जळलं किंवा पडलं तर त्यातूनच ते परत फुटतं. रस्त्याकडेच्या दुकानांत अशा लाकडाच्या वस्तू दिसतील, ते कुठून आलं हे दुकानदाराला नीट सांगता येत नसेल तर घेऊ नका.

गवताळ मोकळ्या जागेत रूझवेल्ट एल्कचे कळप चरत असतात. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ, नर एकमेकांवर धावतात आणि माणसावरही धावू शकतात, किमान पंचवीस यार्ड लांब राहा, फोटोसाठी गाडीतून उतरायची गरजच नाही. फर्न कॅन्यनला जायचं असेल तर १५ मे ते १५ सप्टेंबर परमिट लागतं, ते आधी ऑनलाइन काढा, तारीख त्यानंतरची असेल तर परमिटचा प्रश्न नाही. दोन्ही बाजूंना फर्नने झाकलेल्या उभ्या भिंती आणि मधून ओढा, बूट भिजणारच. शेजारचा गोल्ड ब्लफ्स बीच लांबलचक आणि मोकळा आहे, पण तिथे पाण्यात उतरू नका. पाणी बर्फासारखं असतं आणि शांत समुद्रातून अचानक एक मोठी लाट फार वर येते, इथे दरवर्षी माणसं अशी जातात. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

त्याच दिवशी लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह करा, तिथे जाताना बॉल्ड हिल्स रोडवर एक गोष्ट मुद्दाम बघा. काही ठिकाणी झाडं एकाच जाडीची, काठ्यांसारखी दाटीवाटीने उभी दिसतील, खाली काळोख आणि जमिनीवर जवळजवळ काही नाही. ते तोडून परत उगवलेलं जंगल. मग ग्रोव्हमध्ये शिरा. मूळचं जे वीसेक लाख एकर जंगल होतं त्यातलं न तोडलेलं पाच टक्के उरलंय. सोन्याच्या शोधात आलेले लोक लाकडाकडे वळले, रेल्वेचे स्लीपर, घरं, द्राक्षबागांचे खांब, १९०६ च्या भूकंपानंतरचं सॅन फ्रान्सिस्को, सगळ्याला रेडवुड गेलं. १९१८ साली सेव्ह द रेडवुड्स लीग स्थापन झाली आणि देणग्या गोळा करून एकेक ग्रोव्ह विकत घेत गेली, तुम्हाला पाट्यांवर जी नावं दिसतील ती त्या देणगीदारांची. नॅशनल पार्क व्हायला १९६८ उजाडलं, आणि तोपर्यंत शेजारच्या डोंगरावरची तोड इतकी झाली होती की १९७८ मध्ये बोडकी झालेली जमीनही पार्कमध्ये घ्यावी लागली, नाहीतर वरून वाहून येणाऱ्या गाळाने खालची झाडं गेली असती. जुन्या बुंध्यांवर माणसाच्या छातीच्या उंचीला चौकोनी खाचा दिसतात, त्यात फळ्या ठोकून तोडणारे त्यावर उभे राहायचे. एकदा ओळखता आल्या की त्या सगळीकडे दिसायला लागतात. मला वाटतं ही बाजू बघितल्याशिवाय रेडवुडची ट्रिप अर्धी राहते.

एक विनंती खाण्याची. चिवडा, शेव, चकल्या आणणारच, आणाव्याच, पण जंगलात जमिनीवर एक कणही पडू देऊ नका. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी समुद्रात मासे पकडतो आणि अंडं घालायला मैलोन्मैल आत येऊन या जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर बसतो. घरटं बांधत नाही, शेवाळातल्या खळग्यात एकच अंडं घालतो. आपल्या खाण्याच्या कणांवर 'स्टेलर्स जे' नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे पोसले जातात, त्यांची संख्या वाढते आणि मग ते मरलेटचं एकुलतं एक अंडं फोडतात. म्हणून खाणं टेबलावर किंवा गाडीत, आणि उठताना कण वेचून घ्यायचे.

चौथ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला निघालात तर दक्षिणेला लेगेट आणि तिथून हायवे वनने फोर्ट ब्रॅग, चारेक तास. लेगेटला गाडी जाईल असं भोक पाडलेलं झाड आहे, १९३० च्या दशकातलं. मी स्वतः त्यासाठी पैसे देत नाही, जिवंत झाडाला असं कोरलेलं बघवत नाही, पण तुम्हाला जायचं असेल तर रुंदी जेमतेम सहा फूट आहे, मोठी एसयूव्ही आरसे मिटूनही अडकू शकते. लेगेट ते समुद्र हा वीसेक मैलांचा पट्टा सगळ्या प्रवासातला सर्वात वळणांचा, इथे स्टिअरिंग नक्की तुमच्याकडे, आणि अंधार पडायच्या आत तो पार करा.

पाचव्या दिवशी सकाळी मेंडोसिनोच्या कड्यांवर एक तास फिरा, मग दक्षिणेला निघा आणि नवारो नदीपाशी प्रामाणिकपणे स्वतःला विचारा की अंग कसं आहे. ठीक असेल तर पॉइंट अरीना, गुआलाला, फोर्ट रॉस (१८१२ ते १८४१ इथे रशियन वसाहत होती) करत जेनरपर्यंत या आणि तिथून हायवे ११६ ने आत १०१ गाठा. फोर्ट रॉस ते जेनर ही वळणं कठीण आहेत, पेट्रोल गुआलालालाच भरा. अंग ठीक नसेल तर नवारोपाशीच हायवे १२८ ला वळा, पहिले अकरा मैल नदीकाठच्या रेडवुडमधूनच जातात, आणि क्लोव्हरडेलला १०१ मिळतो. त्या रस्त्यालाही वळणं आहेतच, पण जेनरइतकी भयंकर नाहीत आणि वेळही वाचतो. जेनरच्या खालचा हायवे वन या ट्रिपमध्ये सोडा, मिस्टरांना सांगा तो पुढच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोहून एका दिवसात होतो.

गोल्डन गेट ब्रिजवर टोल फक्त दक्षिणेकडे येताना लागतो आणि तिथे रोख घेत नाहीत, गाडी घेतानाच टोलची काय पद्धत आहे ते विचारा. आणि वाटेत कुठेही, विशेषतः शहरात आणि ट्रेलच्या पार्किंगमध्ये, पासपोर्ट, पर्स, लॅपटॉप सीटवर दिसेल असं ठेवू नका, काच फोडून सामान नेणं इथे सर्रास चालतं. सप्टेंबर वणव्यांचाही महिना आहे, आदल्या दिवशी हवेतल्या धुराचा नकाशा बघा. धूर फार असेल तर पहिले दोन दिवस बदलून थेट क्रेसेंट सिटी गाठा, किनाऱ्यावर हवा बहुतेक वेळा आतल्यापेक्षा बरी असते, आणि हम्बोल्टची झाडं येताना करा.